धडातली आई

कपडेपटाची खोली नाट्यगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर होती. वर ऊन येते, कपड्यांना ओल धरत नाही, एवढाच विचार इमारत बांधणाऱ्याने केला असावा. कपड्यांमागोमाग माणसांनाही रोज वर जावे लागणार, हे त्याच्या ध्यानात आले नसावे. जिना लाकडी, अरुंद आणि मध्येच वळण घेणारा. त्याच्या वरच्या टोकाला दोन बहिणी काम करीत. नाट्यगृहात त्यांना नावाने कोणी हाक मारीत नसे. मोठी ती थोरली आणि लहान ती धाकटी. दोघींचीही लग्ने झाली नव्हती. त्यांच्याआधी तेच काम त्यांची आई करीत असे, आणि तिच्या काळात या दोघी झग्यांच्या ढिगांवर झोपून लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

थोरली अंगाने भक्कम होती, आईसारखीच. खांदे रुंद, दंड जाड, आणि बसली की स्टूल दिसेनासे होई. नट तिची थट्टा करीत. ती उधारी ठेवीत नसे. राजांच्या भूमिका करून करून ज्याला सगळे 'राजे' म्हणू लागले होते, तो नट अंगरख्याचे माप द्यायला उभा राहिला की म्हणे, "थोरले, पोटावर जरा सैल ठेव. राजा खाऊनपिऊन सुखी असतो."

तोंडातल्या टाचण्या न काढता थोरली म्हणे, "तुमच्या सुखाचा ताप माझ्या बटणांना. परवा एक सुटून पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर पडलं. त्याला वाटलं बक्षीस आहे."

या खोलीची एक कामाची रीत होती. भिंतीलगत बिनडोक्याचे, बिनहातांचे कापडी पुतळे लाकडी दांड्यांवर उभे असत. प्रत्येक जुन्या नटाचा एक. अशा पुतळ्याला कपडेपटात 'धड' म्हणत. मुळात ते सगळे सारख्या मापाचे, किरकोळ अंगाचे. पण ज्याचे धड असेल त्याच्या अंगाप्रमाणे त्यावर कापसाचे पातळ थर बसवून वरून पट्ट्या गुंडाळायच्या. नट जाड झाला की थर चढायचे, वाळला की उतरायचे. नट नाटक घेऊन परगावी गेला तरी त्याचे धड इथे असे, आणि कपडे त्याच्या अंगावरच बेतले जात. राजे म्हणत, "मी मेलो तर धडालाच मुजरा करा, पगारही त्यालाच द्या."

दोघी बहिणी स्वतःचे कपडेही अशाच बेतीत. आईचेही एक धड होते, चांगले गुबगुबीत. तिच्या अखेरच्या वर्षी ते उतरू लागले. एक थर निघाला, मग दुसरा. जो तो म्हणू लागला, "काय छान बारीक झालात हो!" आई आरशासमोर वळून वळून पाही, आणि मुली तिला नवे झगे बेतून देत. बोटाच्या पेराएवढा फरक ज्या हातांना न मोजता कळे, त्याच हातांनी तो फरक कौतुकाने टिपला. तो कशाने पडतो आहे, हे कोणी विचारले नाही. पोटातला रोग उघडकीस आला तेव्हा धडावर जवळजवळ काहीच उरले नव्हते.

कपडेपटात काहीही टाकून देत नाहीत. आईच्या मागे ते उघडे धड काही काळ कोपऱ्यात पडून होते. कमरेपाशी आईने स्वतःच्या हाताने घातलेले लाल धाग्याचे टाके तेवढे त्यावर दिसत. पुढे थोरलीला नवा झगा हवा झाला. तिचे स्वतःचे धड एका नव्या नटासाठी घेतले गेले होते आणि रिकामे दुसरे नव्हते. तिने त्यावरच कापूस चढवला. दरवर्षी थोडा थोडा चढत गेला. असे थोरलीचे माप आईच्या शेवटच्या मापावर उभे राहिले, आणि त्यात काही वावगे आहे असे दोघींपैकी कोणालाही वाटले नाही.

गुडघा आधी उजवा गेला. थोरली जिन्याच्या वळणावर थांबू लागली, कोणी मागून आले तर कठड्याची धूळ बोटाने पाहून "इथे कोणी झाडत नाही का?" असे म्हणे. मग ती सगळ्यांच्या आधी येऊ लागली. एकदा वर आली की संध्याकाळपर्यंत उतरत नसे. मोरी दुसऱ्या मजल्यावर असल्याने तिने दिवसा पाणी पिणेच सोडले. डावा गुडघाही बोलू लागला तेव्हा धाकटीने तिला जवळजवळ ओढतच इस्पितळात नेले.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला. दोन हाडांच्या मध्ये जिथे पोकळी दिसायला हवी, तिथे काहीच नव्हते.

"झिजून हाडावर हाड आलंय. सांधा बदलावा लागेल," ते म्हणाले. "पण आत्ता नाही."

"का?"

त्यांनी टेबलावरचा तक्ता तिच्याकडे वळवला. एका बाजूला उंची, एका बाजूला वजन, मध्ये तिरकी जाणारी जाड रेघ. "तुम्ही इथे आहात. या रेघेच्या खाली आलात की करू."

"आणि खाली यायचं कसं?"

"खाणं आवरायचं. आणि रोज चालायचं."

"डॉक्टर, चालता येत असतं तर मी तुमच्या दारात कशाला आले असते?" थोरली म्हणाली. "गुडघा म्हणतो बस, तुम्ही म्हणता चाल. आधी तुम्ही दोघं एकदा बोलून घ्या."

डॉक्टर हसले. माणूस वाईट नव्हता. जड अंगात जखम चिघळते, भूल देणे धोक्याचे ठरते, बसवलेला सांधा लवकर खिळखिळा होतो, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. "नियम मी केलेला नाही. पण का केलाय ते मला माहीत आहे," ते म्हणाले. थोरलीला ते पटले, आणि म्हणूनच अधिक लागले. नियम मूर्खपणाचा असता तर त्याच्याशी भांडता आले असते.

पुढची काही वर्षे त्या रेघेने खाल्ली. थोरलीने पाव सोडला, साखर सोडली, उकडलेल्या भाज्यांच्या वासाने घर कोंदून टाकले. वजन थोडे उतरे, रेघ दिसू लागे, आणि मग एखादे आजारपण येई किंवा नाटकाच्या आधीचे धावपळीचे दिवस येत, आणि उतरलेले सगळे परत येई. सल्ल्यांना तोटा नव्हता. तिकिटे फाडणाऱ्यापासून व्यवस्थापकापर्यंत प्रत्येकाच्या आत्याने किंवा मेव्हण्याने काहीतरी पिऊन वजन घटवले होते. शेवटी तिने एके दिवशी सगळ्यांसमोर बिस्किटाचा पुडा फोडला आणि सांगून टाकले, "आता हे गुडघे आणि मी, दोघं मिळून म्हातारी होणार. कोणी मध्ये पडायचं नाही."

आणि नेमके त्यानंतर वजन उतरू लागले.

पहिल्यांदा ते धाकटीच्या हातांना कळले. थोरलीच्या झग्याची बाही शिवताना दंडाशी कापड उरले. तिला वाटले, आपलेच चुकले. पुढच्या वेळी कमरेशी उरले. थोरली मात्र खात होती. पूर्वी कधी खाल्ले नव्हते इतके खात होती, आणि तरी भूक भूक करीत होती. थंडीत सगळे शाली लपेटून बसलेले असताना ती खिडकी उघडी. सुईत दोरा ओवताना तिचा हात थरथरे, आणि दोरा नेढ्याच्या शेजारून जाई.

"चष्मा बदल," धाकटी म्हणाली.

"दोरा बदल. हल्ली दोरेही लाजायला लागलेत."

मग एके सकाळी राजे वर आले, दारातच थबकले आणि आपल्या रंगमंचावरच्या आवाजात म्हणाले, "थोरले! काय छान बारीक झालीस गं!"

धाकटीच्या हातातली कात्री कापडातच थांबली. वाक्य तेच होते. आवाज वेगळा, माणूस वेगळा, पण शब्दांची मांडणीसुद्धा तीच. त्या दिवसापासून ते वाक्य नाट्यगृहात जिथे तिथे भेटू लागले: जिन्यात, तिकीटखिडकीशी, रंगपटात. आईला ज्यांनी पाहिलेही नव्हते अशी नवी मुलेसुद्धा ते म्हणत, जणू कोणी त्यांना पढवून ठेवले होते.

थोरलीने स्वतःला आरशात पाहिले. गालांवरचे मांस ओसरले तशी आतून दुसरीच हाडे वर आली. हनुवटी टोकदार झाली, डोळ्यांखाली पन्हळ पडली. कपडेपटाच्या उंच आरशासमोर उभी असताना एकदा ती सहज म्हणाली, "आई आलीये बघ."

"काहीतरी बरळू नकोस, ताई."

"बरळत नाही. ये ना, बघ. ती रागावली की नाक असंच बारीक करायची." आणि तिने नाक बारीक केले. धाकटीने आरशाकडे पाठ फिरवली, पण जे दिसायचे ते दिसून गेले होते. त्यानंतर दिव्याच्या एखाद्या तिरपेत थोरली वळली की धाकटी मान खाली घालून टाके मोजू लागे. खोलीत दोघीच काम करीत असत. आता तिथे तिसरे कोणी आहे, असे तिला वाटू लागले. ते तिसरे भीतिदायक नव्हते, ओळखीचे होते. ते कशासाठी आले आहे हे माहीत असल्यामुळे ते सोसवत नव्हते.

नव्या झग्यासाठी धडाचे माप उतरवायचे आले, तेव्हा धाकटीने पट्ट्या सोडायला घेतल्या. कापूस थराथराने निघत गेला, आणि कमरेपाशी अचानक लाल धागा दिसला. आईचे टाके, वळणदार आणि जरा तिरके.

धाकटीने हात काढून घेतले. "याच्यापुढे मी सोडणार नाही."

"अगं, अजून थोडं राहिलंय."

"याच्याखाली आई आहे, ताई. तुझं आता काही राहिलं नाही." मग तिच्याने राहवले नाही. "तू आता सगळ्यांना सांगत सुटतेस, पुन्हा पथ्य धरलंय म्हणून. पेटाऱ्यामागे बिस्किटांचे कागद कोण टाकतं?"

"उंदीर."

"उंदीर कागदांच्या घड्या घालून ठेवत नाहीत."

थोरली हसली नाही. स्टुलावर बसली आणि गुडघ्यांवर दोन्ही तळवे ठेवून म्हणाली, "मी रेघेच्या खाली आलेय. कोपऱ्यावरच्या दुकानात वजन करून पाहिलं. इतकी वर्षं ते दार माझ्या तोंडावर बंद होतं. आज उघडलंय, आणि तू म्हणतेस आत जाऊ नको?"

"आत जा. पण ते कशानं उघडलं ते आधी विचार."

"विचारलं की बंद होईल."

"आईचंही कोणी विचारलं नव्हतं."

थोरलीने सुटलेली पट्टी उचलून गुंडाळायला घेतली. शेवटी थोरली म्हणाली, "मला एकदा हा जिना माणसासारखा चढायचाय. मग काय व्हायचं ते होऊ दे."

धाकटीने एवढेच कबूल केले की डॉक्टरांसमोर ती तोंड उघडणार नाही. मात्र तिला विचारलेच तर ती खोटेही बोलणार नाही.

हाडांच्या डॉक्टरांना मनापासून आनंद झाला. त्यांनी तक्ता काढला, रेघेच्या खाली बोट टेकवले, आणि म्हणाले, "शंभरातल्या एखाद्याला जमतं हे. काय केलंत तरी काय?"

"पाव सोडला, साखर सोडली," थोरली म्हणाली. तिचे हात पिशवीखाली होते.

"उत्तम. मग तारीख देऊन टाकू. आधी उजवा, तो चालता झाला की डावा." ते दिनदर्शिकेकडे वळले आणि जाता जाता धाकटीला म्हणाले, "घरातल्यांची साथ लागते याला. तुम्हीही पुष्कळ केलं असेल."

"मी काही केलं नाही," धाकटी म्हणाली. "तिनंही केलं नाही," हे वाक्य तिच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले. तिने फक्त थोरलीकडे पाहिले. थोरलीच्या समोर औषधांचे काचेचे कपाट होते, आणि त्या काचेत एक हडकुळी बाई तिच्याकडे पाहत होती. ती बाई कशी संपली हे थोरलीला पुरते ठाऊक होते. खुर्चीतून उठण्यासाठी तिला दोन्ही हातांचा आधार कसा लागे, आणि तरीही ती झग्याच्या चुण्या कशा सारख्या करी, हे सगळे.

"डॉक्टर," थोरली म्हणाली, "लिहू नका. मी काही सोडलेलं नाही. उलट दुप्पट खाते. हे आपोआप गळतंय." आणि जरा थांबून, "आमची आई अशीच गेली."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी तिला हात पुढे करायला सांगितले. हात वाऱ्यावरच्या कागदासारखे हलत होते. त्यांनी नाडी पाहिली, गळा चाचपला, आणि तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले. तारीख दिली गेली नाही.

तपासण्यांचे निकाल येईपर्यंतचे दिवस दोघींनी, एखाद्या घरात कोणी गेले असताना काढावेत तसे काढले. धाकटीने मनातल्या मनात बहिणीवाचूनची खोली लावूनही पाहिली: स्टूल कुठे, शिलाईयंत्र कुठे. थोरली रोज वर आली, वळणावर थांबत, पण आली. आरशापुढे ती आता मुद्दाम उभी राही. एकदा धाकटीने तिला आरशाशी हळू आवाजात बोलताना ऐकले. काय बोलली ते विचारायचे धैर्य तिला झाले नाही.

निकाल आला तो कोणाच्याच मनात नव्हता. पोट स्वच्छ होते. आईचा रोग नव्हता. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी बेसुमार काम करीत होती. तीच भूक वाढवीत होती, तीच अंग जाळीत होती, हात हलवीत होती. "गोळ्या घ्या, ताब्यात येईल," दुसरे डॉक्टर म्हणाले. "वजनही हळूहळू जागेवर येईल. घाबरण्यासारखं काही नाही."

धाकटी इस्पितळाच्या ओवरीत बसून हमसून हमसून रडली. थोरलीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत डोकावून एकच प्रश्न विचारला, "जागेवर म्हणजे कुठं? रेघेच्या वर की खाली?"

उत्तर काळाने दिले. ग्रंथी ताब्यात आल्याशिवाय भूल देता येणार नव्हती. गोळ्यांनी ती ताब्यात आली. हात स्थिर झाले, दोरा पहिल्या खेपेला ओवला जाऊ लागला, थंडीत थोरलीने शाल मागितली. आणि जे अंग गळून गेले होते ते परत आले. धाकटी धडावर पुन्हा थर चढवू लागली. लाल धागा झाकला गेला. थोरलीचे गाल भरले, हनुवटी मऊ झाली, आणि आईचा चेहरा पाण्यात बुडणाऱ्या वस्तूसारखा आत आत गेला. कोणीही आता "छान बारीक झालीस" म्हणेनासे झाले. राजेही जरा ओशाळून माप देत.

सगळे ठीक झाले आहे अशी चिठ्ठी घेऊन ती हाडांच्या डॉक्टरांकडे गेली तेव्हा काटा रेघेच्या वर होता. डॉक्टर बराच वेळ तक्त्याकडे पाहत बसले. त्यांनी तिचे प्रकरण वरिष्ठांपुढे मांडून पाहिले होते. वरूनही तोच तक्ता परत आला होता.

"मग गोळ्या बंद करू का?" थोरलीने विचारले. आवाज असा, जणू बटण डावीकडे लावू का उजवीकडे, हेच विचारीत होती.

डॉक्टर दचकले. "भलतंच काय बोलता? हृदयावर ताण येईल. जिवावर बेतेल."

"हृदय जिना चढत नाही हो, डॉक्टर. गुडघे चढतात."

"दोन्ही लागतात," ते म्हणाले. त्यांनी तक्ता उलटा करून ठेवला, आणि त्यांना त्याची लाज वाटत होती, हे थोरलीला दिसले. म्हणून तीच "येते" म्हणून उठली.

जिना चढणे त्यानंतर लवकरच थांबले. व्यवस्थापकाने रंगमंचामागच्या गल्लीत, पडद्यांच्या दोऱ्या बांधतात तिथे, एक टेबल आणि दिवा दिला. तिथे ऊन येत नाही. वरून धाकटी कपडे टोपलीत घालून दोरीने खाली सोडते. खाली थोरली काजांना टाके घालते, उसवलेले शिवते, आणि टोपली हलवून खूण करते. काम चोख होते. नव्या नटांना ठाऊकही नाही की ही बाई कधीकाळी वर बसत असे.

एकदा धडाचे माप सारखे करताना धाकटीच्या बोटांना कापसात खडे लागले. ती चिमटीने उसवू लागली. आतून एकेक करून गोळ्या निघाल्या, बरगडीच्या जागी नीट ओळीने दडवलेल्या. थोरली खाली जाण्याआधीच्या शेवटच्या दिवसांतल्या असाव्यात. धाकटी त्या ओंजळीत घेऊन जिना उतरून खाली आली आणि तिने त्या टेबलावर ओतल्या. थोरलीने त्यांच्याकडे पाहिले, मग बहिणीकडे.

"एकदाच बघायचं होतं," ती म्हणाली. जिना, की आईचा चेहरा, हे तिने सांगितले नाही. धाकटीने विचारलेही नाही. दोन्हींकडे जायची वाट एकच होती.

तेव्हापासून धाकटी रोज सकाळी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन तीन मजले उतरते.

"तोंड उघड."

"लहान आहे का मी?"

"उघड म्हणते ना."

थोरली गोळी घेते, पाणी पिते, आणि रिकामे तोंड उघडून दाखवते. "झालं समाधान? जा आता. राजे वर उघडे उभे असतील."

"जीभ वर कर."

थोरली जीभ वर करते. धाकटी वाकून पाहते, पेला उचलते, आणि परत जिन्याला लागते. थोरली हातातले काम बाजूला ठेवून ऐकत राहते. पावले एकेक पायरी वर जातात, बारीक होत होत जातात, आणि तिसऱ्या मजल्यावर कुठेतरी दार लागल्याचा आवाज येतो. मग ती दिवा जवळ ओढते आणि सुई उचलते.